न उघडणारी काच

दुकानात खिडक्यांचे नमुने मांडले होते. सरकत्या, दारासारख्या बाहेर उघडणाऱ्या, आणि नुसतीच काच बसवलेली, न उघडणारी. बहिणीने बाहेर उघडणाऱ्या खिडकीची मूठ दोनदा फिरवून पाहिली. नवरा सोडून ती माहेरी परतली होती. आईची माडीवरची रिकामी खोली तिच्या वाट्याला आली होती आणि त्या खोलीत झोपायचं तर तिला उघडणारी खिडकी हवी होती. बाकी काही तिने मागितलं नव्हतं.

"न उघडणारी घेऊ," दादा म्हणाला. "धूळ नको, आवाज नको."

"आणि हवा?"

"पंखा आहे की!"

आईच्या वेळीही तो हेच म्हणाला होता. अंथरुणाला खिळलेली आई खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून पाणी मागायची. चारचौघांत शोभा नको म्हणून दादाने खिडकी स्क्रू पिळून बंद केली आणि भर उन्हाळ्यात आई गेली. बहिणीने तेव्हा जाब विचारला, तर तो म्हणाला, "तू उंटावरून शेळ्याच हाकल्यास." ते खरं होतं, म्हणूनच तिला जास्त झोंबलं.

कारागीर मापं घ्यायला आला. तो बाहेरून शिडी लावून चढला, खाली दोघा भावंडांनी शिडी धरली. जुन्या काचेच्या फुटक्या कोपऱ्यातून त्याने टेप आत सारली.

"टोक धरा हो आतून... हां, बास."

"आत कुणी नाहीये," बहीण म्हणाली. घरात तिसरं माणूसच नव्हतं.

"मग ओढून कुणी धरलं?"

"अडकलं असेल कशात तरी. तू मापं घे," दादा खेकसला.

शेवटी न उघडणारीच काच बसली. आतून कडेने पांढरा चिकट लगदा भरून कारागीर म्हणाला, "उद्यापर्यंत हात लावू नका, ओला आहे." दादाने खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

सकाळी दोघं आत गेली. लगदा दगडासारखा वाळला होता, आणि त्यात चारही बाजूंनी बोटं रुतल्याच्या खुणा होत्या. अंधारात कुणी कडी चाचपावी तशा, शेजारी शेजारी, आतल्या बाजूने.

"तूच केलंस हे."

"किल्ली तुझ्याकडे होती, दादा..."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. तो मागे सरकत दाराबाहेर गेला, आणि आईच्या वेळची सवय म्हणून असेल, त्याने दार ओढून बाहेरून कडी घातली.

"दादा! दार उघड!"

मग दाराला तोंड लावून तो कुजबुजला, "ओरडू नकोस ना... लोक ऐकतील."

तो जिना उतरून गेला. फाटकही वाजलं. ऊन काचेवर आलं, खोली तापू लागली, तिचा श्वास कोंडला. काचेपलीकडून माणसं जात होती, एकानेही वर पाहिलं नाही. तिने वेड्यासारखी काचेची कड चाचपायला सुरुवात केली, आणि थिजली.

तिचं एकेक बोट एकेका खुणेत बरोबर बसत होतं.