हजेरी घेणारा दगड

तो दगड आणायला मीच गेले होते लेकाबरोबर. म्हणजे मला भाजी घ्यायची होती, आणि त्याला वाटेत काचवाल्याकडे दोन मिनिटं थांबायचं होतं. त्याची दोन मिनिटं मी त्याच्या लहानपणापासून ओळखते. माझी मेथी पिशवीतच मान टाकून बसली.

काचवाला म्हणजे माशांच्या पेट्या बनवणारा. दुकान अंधारं, आत शिरलं की बंद डब्यात ओलं फडकं राहून जावं तसा वास. त्याने टबातून डोक्याएवढा एक दगड उचलला, भोकाभोकांचा, जांभळट, आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात घातला.

"दगडाला पांघरूण?" मी म्हटलं. "थंडी वाजते काय त्याला?"

"आजी, जिवंत दगड आहे हा. वाळला तर मरेल."

"मरणारा दगड पहिल्यांदाच बघतेय."

तो हसला. "दगड म्हणजे चाळ समजा. भोकाभोकांत भाडेकरू बसलेत. किडे, खेकडे, गोगलगायी. दगड घेतला की तेही आले. त्यांचे वेगळे पैसे लावत नाही मी."

लेकाने विचारलं, "कुठला हा?"

"एका बाईंनी टाकी मोडली. त्यांना नको झाला." काचवाल्याने डब्याचं झाकण दाबलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "घरात लहान कोणी आहे?"

"नात आहे. का हो?"

"काही नाही. टाकीला झाकण लावत जा नीट."

एवढंच बोलला तो. मीही पुढं विचारलं नाही, लक्ष मेथीकडे होतं.

आता घर कसं ते सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. लेक फ्रिज दुरुस्त करतो, सकाळी जातो तो संध्याकाळी येतो. सून दवाखान्यात नर्स, तिचीही दिवसपाळी. दुपारी घरात मी आणि ठकी. ठकी म्हणजे माझी नात, पहिलीत जाणारी. नाव वेगळं आहे, पण लाकडी बाहुलीसारखी गोल गोल म्हणून आम्ही ठकीच म्हणतो. लेकाची खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी आतल्या खोलीत. त्या खोलीला खिडकी नाही, दाराला जाड पडदा. लेकाला मासे संध्याकाळी बघायला मिळावेत म्हणून त्याने टाकीच्या दिव्याला टायमर लावलेला. दिवा लागायचा संध्याकाळी, विझायचा पहाटे. म्हणजे बाहेर ऊन तापलेलं असताना त्या टाकीत रात्र असायची. दुपारी तिथे दिवा लावायचा नाही, अशी मला ताकीद होती.

भाडेकरू अंधारातच बाहेर यायचे. लेक सुट्टीच्या दुपारी टॉर्चला लाल कागद बांधून टाकीपुढे बसायचा. लाल उजेड त्यांना दिसत नाही म्हणे. आम्हीही बसायचो. काटेरी अळी निघाली, लांबच लांब. तिला ठेवली, कारण ती उष्टं-खरकटं साफ करते. सुतळीसारख्या हातांचा तारामासा निघाला, तोही राहिला. केसाळ काळा खेकडा निघाला. तो मासे ओरबाडायचा. त्याच्यासाठी लेकाने काचेचा पेला तिरका टेकवून ठेवला, तळाशी कोळंबीचा तुकडा. खेकडा आत उतरला, काच घसरडी, वर येता येईना.

"बघितलंस आई? सरसकट मारायचं नाही. आधी ओळख पटवायची, मग ठरवायचं ठेवायचा की काढायचा. ओळख पटल्याशिवाय कोणाला हात लावायचा नाही."

सून म्हणाली, "एवढी चौकशी माझं स्थळ बघताना केली नव्हती यांनी."

"तुझी ओळख तुझ्या बापाने पटू दिली नाही," लेक म्हणाला आणि पाठीत एक गुद्दा खाल्ला.

अशा हसण्याखेळण्यातच तो आवाज पहिल्यांदा आला. टक्. काचेवर नखाने टिचकी मारावी तसा. टक्. टक्. टक्.

लेकाने लाल टॉर्च फिरवला. दगडाच्या मधल्या भोकातून आवाज आला होता, पण भोकात नुसता अंधार. मग त्याने मोबाईलवर कुठलेकुठले आवाज लावून पाहिले आणि खूश झाला. "कोळंबी आहे एक जातीची. नांगी आपटते, तिचा आवाज. गरीब असते. राहू दे तिला."

"तोंड तरी बघ तिचं," सून म्हणाली. "आमच्याकडे नुसता खोकला ऐकून कोणी रोग ठरवला तर डॉक्टर हाकलून देतील."

पण लेकाने ठरवलं ते ठरवलं. बाकी सगळ्यांना डोळ्यांनी पाहून ठेवलं होतं. एकटीला नुसत्या आवाजावर.

त्या टिचक्या मोजून वाजतात, हे ठकीच्या लक्षात आलं. एका दुपारी ती मला ओढतच आत घेऊन गेली. "आजी, ऐक हं. आता आपण दोघी आहोत."

टक्. टक्.

"आता तू बाहेर जा."

मी पडद्याबाहेर गेले. आतून आवाज आला. टक्. एकच.

"हजेरी घेते ती!" ठकी टाळ्या पिटत बाहेर आली. मग दोघींनी पडद्याला कान लावला. रिकाम्या खोलीतून काहीच नाही.

मी हसण्यावारी नेलं, पण मनात पाल चुकचुकली. मग मी एकटी गेले की एक. सुट्टीच्या दिवशी चौघं बसलो की चार. एकदा मी एकटीनेच आत पाय ठेवला आणि टक्, टक्. दोन. अंधारात हात फिरवत फिरवत कोपऱ्यापर्यंत गेले, तर पडद्याच्या घडीत ठकी, तोंडावर हात दाबून.

"चीटिंग करते ती! माझं नाव सांगते तुला."

तेव्हापासून तो खेळच झाला. ठकी लपायची, मी आत जायचे, टिचक्या मोजायचे. एक आली तर परत फिरायचे, दुसरीकडे शोधायचे. दोन आल्या तर ठकी तिथेच. कधी चूक नाही. कोळंबी असो नाहीतर आणखी कोणी, तिचा हिशेब चोख.

सुनेला तो खेळ आवडेना. "दिवसभर त्या अंधारात काय करते पोर? तिचे हात बघा कसे गार लागतात. तो दगड परत करून टाका."

"रविवारी नेतो," लेक म्हणाला.

रविवार उजाडायच्या आधीची दुपार. ठकी शाळेतून आली, जेवली, माझ्याशेजारी आडवी झाली. माझा डोळा लागला. जाग आली ती हाताला गार गादी लागून. घर शांत. म्हटलं, लपली असेल.

आतल्या खोलीचा पडदा सारला. आत पंपाची घरघर, खारट वास, आणि डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख.

"ठके..."

टक्.

मी थांबले. दुसरी आली नाही. एकच. म्हणजे मी एकटीच. हजेरी चुकत नाही हे मला पक्कं ठाऊक, म्हणून मी मागे फिरले.

पलंगाखाली नाही. न्हाणीघरात नाही. ओट्याखाली नाही. बाहेरच्या दाराला तर वरची कडी, तिचा हातही पोचत नाही तिथे. मग पोर गेली कुठे? घरात एकच जागा उरली होती. मी पुन्हा पडद्यापाशी आले आणि तळव्याला ओल लागली. पाणी वाहत उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

मी दिव्याचं बटण दाबलं.

टाकीला स्टूल लावलेलं. झाकण बाजूला. स्टुलावर ठकीचे दोन पाय, टाचा उचललेल्या, आणि कमरेपासून वरची सगळी ठकी पाण्यात. केस सुटून त्या दगडाभोवती पसरलेले. तोंड त्या मधल्या भोकाला लावलेलं, कुणाच्या कानात गुपित सांगावं तसं. हलत नव्हती.

कुठलं बळ आलं देव जाणे. ओढून काढली, मांडीवर पालथी घातली, पाठीवर थापट्या मारल्या. "ए बाळा, ए सोन्या, श्वास घे गं..." किती वेळ गेला कळलं नाही. मग ती खोकली. पाणी नाही पडलं तोंडातून, नुसती खोकली. डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिली, जणू माझी ओळख पटवत होती.

मी तिला छातीशी धरून हुंदके देत होते, आणि मागून आवाज आला.

टक्.

एकच आला. तेव्हा कुठलं भान होतं मला मोजायचं?

दवाखान्यात सुनेच्या ओळखीच्या डॉक्टरांनी तपासलं. छाती साफ. पाणी गेलेलंच नाही म्हणाले. "आजी, क्षणभरच वाकली असेल. घाबरल्यावर वेळ मोठा वाटतो." मी पहिल्यांदा आत गेले, सगळं घर धुंडाळून परत आले, तोवर ती तिथेच होती. पण हे कोणाला सांगू?

लेकाने त्याच संध्याकाळी दगड बाहेर काढला आणि बादलीत गोड्या पाण्यात बुडवला. गोडं पाणी लागलं की भाडेकरू जीव घेऊन बाहेर पळतात. अळ्या निघाल्या, तारामासा निघाला, गोगलगायी पडल्या. त्या मधल्या भोकातून काहीच नाही. शेवटी त्याने हातोडीने दगड फोडला. आत एक पोकळी होती, मुठीएवढी, घासलेल्या वाटीसारखी गुळगुळीत. रिकामी.

"आधीच मेली असेल कधीतरी," लेक पुटपुटला. दगडाचे तुकडे त्याने लांब नेऊन टाकले. टाकी काचवाल्याला परत दिली. काचवाल्याने ठकीची चौकशी केली म्हणे, आणि पैसे न मोजताच टाकी ठेवून घेतली.

घराला सुटल्यासारखं झालं. ठकी शाळेत जायला लागली, जेवायला लागली. जास्त बोलत नव्हती, पण सून म्हणाली, भ्यालेली आहे, येईल हळूहळू. दुपारी मात्र ती त्या आतल्या खोलीत जाऊन बसायची. आता तिथे नुसती भिंत आणि टाकीच्या पायांचे डाग. दिवा लावू द्यायची नाही. मी कपाळाचा पापा घेतला की ओठांना मीठ लागायचं. आंघोळ घातल्यावरसुद्धा.

एका दुपारी तिला जेवायला उठवायला आत गेले. काळोखात ती भिंतीला टेकून झोपलेली. मी उंबरा ओलांडला.

टक्.

मी होते तिथेच खिळले. खोलीत टाकी नाही, दगड नाही, पाणी नाही. चाचपडत जवळ गेले, तिच्या तोंडावर हात ठेवला. ओठ मिटलेले. दात मिटलेले. श्वास संथ.

दुसऱ्या दिवशी लेकाला मुद्दाम बरोबर नेलं. टक्, टक्. "भिंतीतला नळ असेल," तो म्हणाला, आणि पटकन बाहेर पडला. मी तिथेच उभी राहिले. खोलीत आम्ही तिघं होतो. मी, लेक आणि ठकी. वाजल्या दोन. हजेरी घेणारा स्वतःची हजेरी घेत नाही, एवढं अडाणी असले तरी मला कळतं.

तेव्हापासून मी रोज दुपारी तिच्याजवळ जाऊन बसते. एक टिचकी वाजते. मी वाट बघते, दुसरी वाजेल, आज वाजेल, माझी ठकी परत मोजली जाईल. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवते, मी तिच्या ओलसर केसांतून हात फिरवते. काय करू? अंगावरून ढकलून देऊ? चेहरा तर माझ्याच पोरीचा आहे.

काल सून लवकर घरी आली. चपला काढल्या आणि सरळ आत आली, अंधारात माझ्याशेजारी बसली. ठकी माझ्या मांडीवर झोपलेली. मी मनात म्हटलं, आता दोन टिचक्या वाजतील.

टक्.

टक्.

दोन झाल्या...

टक्.

तीन! मी, सून आणि ठकी. तीन! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी वाकून पोरीला कवटाळलं. आली, माझी बाय परत आली, मोजली तिला...

"आई," सून अगदी हळू म्हणाली. तिने अंधारात माझा हात शोधला आणि धरला. "रडू नका. एक चांगली बातमी आहे. यांनाही अजून सांगितलेली नाही." तिने माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. "मला दिवस गेलेत."

मांडीवर ठकीने कूस बदलली. तिचा गार हात माझ्या हाताच्या शेजारी येऊन सुनेच्या पोटावर टेकला. मग तिने बोट वाकवलं, आणि नखाने अलगद टिचकी मारली.