आईला सांगायचं नाही

वीज गेली की पोरं आबांना घेरतात. त्या रात्रीही घेरलं.

"खोटी गोष्ट नको हं, आबा," धाकटी म्हणाली.

"खोटं बोलायला मी काय निवडणुकीला उभा आहे? माझ्या दुकानाशेजारच्या शिंप्याची गोष्ट ही. त्याच्याच तोंडून ऐकलेली. मध्ये बोलायचं नाही."

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार, रात्रीचे अकरा. शिंपी हॉस्पिटलात गरम पाणी आणायला खाली उतरला होता. थर्मास भरायचा, आईला दोन घोट पाजायचे, एवढंच काम. आई पंचाहत्तरीची. तिला कॅन्सर होता, आणि ते तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

हे शिंप्यानंच ठरवलं होतं. "आईला सांगायचं नाही. हाय खाईल." बायकोला शपथ घातली, नर्सला हात जोडले. डॉक्टर यायचे, खाटेच्या पायथ्याशी उभं राहून शिंप्याच्या कानाशी बोलायचे आणि मग मोठ्यानं म्हणायचे, "काय आजी, मजेत ना?"

"मजेतच की. तुमच्या सुया तेवढ्या बोथट झाल्यात."

सगळे हसायचे. रात्री ती विचारायची, "बाळ, मला झालंय तरी काय?"

"अगं, आतड्याला सूज आहे. उतरेल."

ती भिंतीकडे तोंड करायची. पुढं पुढं तिनं विचारणंच सोडलं. शिंप्याला वाटलं, बरं झालं.

तर तो पाणी घेऊन वर आला. वॉर्डात मिणमिणता दिवा. आईच्या खाटेशेजारी स्टुलावर कुणी म्हातारा बसला होता. अंगानं थोराड. पाठमोरा. कपडे हॉस्पिटलचे. वाकून काही सांगत होता, आणि आई मान हलवत ऐकत होती.

शिंपी दारातच थांबला.

म्हाताऱ्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आईचं आलं.

"मग... फार दिवस नाहीत म्हणा."

म्हाताऱ्यानं मान डोलावली.

आई रडली. आवाज न करता. तो नुसता बसून राहिला...

शिंप्याच्या हातून थर्मास पडला. तो उचलायला वाकला. वर पाहिलं.

स्टूल रिकामं. वॉर्डाला दार एकच, आणि त्या दारात तो स्वतः.

"आई... कोण होतं?"

"तुला जे सांगवलं नाही, ते सांगणारा," आई म्हणाली. "कॅन्सर ना रे?"

शिंपी खाटेशी येऊन खाली बसला. एवढा बाप्या माणूस, हमसून हमसून रडला. आईनं त्याच्या केसांतून हात फिरवला. "एकट्यानंच ओढत होतास होय, वेड्या? आता सुया बास. मला घरी ने. आणि माझ्या बहिणीला बोलाव. तिच्याशी अबोला धरून बसलेय, तसंच जायचं नाही मला."

सकाळी वॉर्डातली मावशी चादर बदलायला आली. शिंप्यानं तिला विचारलं, रात्री असा असा कोण होता?

मावशीचे हात थांबले. "तुमच्या आधी या खाटेवर एक सुतारबाबा होते, असेच थोराड. त्यांच्या पोरांनीही शेवटपर्यंत सांगितलं नाही. जो येईल त्याला विचारायचे, मला काय झालंय हो? मलाही विचारलं. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा, बाबा." तिनं चादर छातीशी धरली. "विचारता विचारताच गेले."

शिंप्यानं आईला घरी आणलं. दुखणं थांबायचं औषध डॉक्टरांनी बरोबर दिलं. मावशी, म्हणजे आईची बहीण, आली. दोघी म्हाताऱ्या आधी मनसोक्त भांडल्या. मग एकाच उशीवर झोपल्या.

थोडे दिवस गेले.

एका पहाटे शिंपी आईच्या उशाशी जागत बसला होता. डोळा लागला. उघडला तेव्हा...

आई गेली होती.

त्यानं कपाळ बडवलं. एवढं सगळं केलं, आणि शेवटच्या घटकेला आई एकटी! मावशी आतल्या खोलीत झोपलेली. बायको स्वयंपाकघरात. दाराला कडी.

त्यानं दिवा लावला.

आईचे हात अखेरीला सुजले होते. कुठंही दाबलं की खळगा पडायचा. मग हळूहळू भरून यायचा.

डाव्या मनगटावर खळगे होते. एका बाजूला अंगठा. दुसऱ्या बाजूला चार बोटं. खोल. कुणीतरी हात घट्ट धरून बसल्यासारखे.

शिंप्यानं त्यांवर आपली बोटं ठेवून पाहिली.

बसली नाहीत. तो पंजा केवढा तरी रुंद होता.

आबा थांबले.

"आईला उचलेपर्यंत," आबा म्हणाले, "ते खळगे भरले नाहीत."