तीनदा विचारण्याची रीत

हौशी रेडिओचा परवाना माझ्याकडे एकावन्न वर्षे आहे, आणि इतक्या काळात परवानगीवाचून मी एक ठोकाही हवेत सोडलेला नाही. म्हणूनच कुणालाही वाटून न दिलेल्या लहरींच्या पट्ट्यावर प्रयोग करण्यासाठी मी रीतसर अर्ज केला आणि काठी टेकत स्वतः कार्यालयात गेले.

"आजी, त्या पट्ट्यावर चिटपाखरूही नाही," अधिकारी म्हणाला. "बोलणार कुणाशी?"

"आजी मला नातवंडांनी म्हणावं. आणि तिथे कुणी नाही, हे तुम्ही ऐकून सांगताय की कागद बघून?"

त्याने तीन महिन्यांच्या परवानगीवर सही केली.

मुलगा जहाजावर असल्याने घरात सून आणि मी, अशा दोघीच. "आई, जिथे माणूसच नाही तिथेही तुम्ही शिस्त लावणार," ती हसून म्हणाली. सव्वीस वर्षांत तिने मोर्सचे, म्हणजे आमच्या लांब-आखूड ठोक्यांच्या लिपीचे, एक अक्षर शिकून घेतले नव्हते. "एकीने टकटक करावी, दुसरीने कान झाकावेत, तरच घर चालतं," हे तिचे ठरलेले उत्तर.

आम्हा रेडिओवाल्यांची एक रीत आहे. संदेश सुरू करण्यापूर्वी 'ही जागा वापरात आहे का?' असे तीनदा विचारायचे. त्यासाठी तीन अक्षरे आणि पुढे प्रश्नचिन्ह. तीच अक्षरे प्रश्नचिन्हाशिवाय परत आली, तर जागा वापरात आहे. काहीच आले नाही, तर जागा तुमची.

मी तीनदा विचारले. पलीकडे शांतता होती.

चौथ्या दिवशी माझ्या संदेशावर कुणीतरी चढले. अक्षरे नव्हती, अंधारात भिंत चाचपावी तसे नुसते ठोके. मला उद्धटपणा खपत नाही. लहान मुलाला समजवावे तसे, एकेक अक्षर सावकाश वाजवत मी त्याला सारी रीत शिकवली. तीनदा विचारावे. उत्तर आले नाही, तर जागा आपली.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारले. अचूक, आणि थेट माझ्याच हाताच्या वळणाने. 'वापरात आहे,' मी कळवले. खरे सांगायचे तर मला अभिमान वाटला.

आठवड्याने प्रश्न आला तेव्हा यंत्र बंद होते. तो मेजाच्या लाकडातून आला: लांब खुणेला ओरखडा, आखूड खुणेला टिचकी. मी नखाने उत्तर दिले. मग तो नळात आला, कपाटाच्या दारात आला. मी तारा काढल्या, परवानगी रद्द करण्याचा अर्ज धाडला. प्रश्न थांबले नाहीत.

"सूनबाई, आजच्या आज तीन अक्षरं शिकून घे," मी म्हटले.

"या वयात? बरं, जरा पडते. उठल्यावर शिकवा."

दुपारचे अडीच वाजले होते. प्रश्न वरून आला, तिच्या खोलीतून.

मी जिन्याच्या कठड्यावर काठीने उत्तर दिले. तो थांबला नाही. प्रश्न मला नव्हताच.

"सूनबाई, ऊठ. ओ दे."

सहाव्या पायरीवर दुसऱ्यांदा ऐकला.

तिसऱ्यांदा, दाराशी.

मी दार उघडले. ती कुशीवर झोपली होती, श्वास संथ. खोली शांत होती.

चार वाजता ती उठली, चहा केला, माझ्यासमोर बसली. चेहरा तोच, कपाळावरची बटही तीच.

"ती तीन अक्षरं शिकायची होती," मी म्हटले.

ती हसली. तिने चमचा उचलला आणि कपाच्या कडेवर टेकवला. ओरखडा, ओरखडा, टिचकी, ओरखडा. तीनही अक्षरे, माझ्या हाताच्या वळणाने.

मी वाट पाहिली. प्रश्नचिन्ह आले नाही.