उजव्या सीटवरची थंडी

घडलेली गोष्ट आहे ही. विबके थापा मारणाऱ्यातली नाही. तोंडावर खरं बोलून गिऱ्हाईकं घालवणाऱ्यातली आहे.

जर्मनीतलं हुसुम गाव. गेल्या जुलैतली रणरणती दुपार. विबकेच्या गॅरेजात ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आली. मालकीण फ्राउके, तिची शाळेपासूनची मैत्रीण. फ्राउकेचे वडील रायमर मार्चमध्ये याच गाडीत गेले. शिकवता शिकवता, उजव्या सीटवर; तिकडे स्टीअरिंग डावीकडे असतं, शिकवणारा उजवीकडे बसतो. आता तिथे बसून फ्राउके शिकवते.

तक्रार एसीची. दोन्ही बाजूंना तापमान सारखंच लावलेलं, तरी डावीकडे शिकणारा घामाघूम आणि उजवीकडे फ्राउके गारठलेली.

"आज नीट झाली तर ठीक," ती म्हणाली, "नाहीतर उद्या गाडी विकते आणि स्कूलला टाळं लावते. मला नाही गं बसवत त्या सीटवर."

विबकेने गॅस तपासला. पुरेसा होता. हवेची झडप फिरवणारी मोटर नवी बसवली. दोन्हीकडच्या जाळ्यांत थर्मामीटर खोचले. आकडे सारखे.

मग ती एकटीच चक्कर मारायला निघाली.

गल्लीत वळली आणि उजवा आकडा घसरू लागला...

तिने एसी बंद केला. तरी घसरतच राहिला...

"काय कटकट आहे," ती पुटपुटली. नजर त्या आकड्यावरच. पुढे बिनपाटीचा चौक होता. अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे तिला रायमरनीच ओरडून ओरडून शिकवलेलं. पण ती उजवीकडे बघायलाच विसरली.

गाडी कचकन थांबली.

तिचा पाय ब्रेकवर नव्हता.

आणि भोंगा वाजू लागला... शिकवणाऱ्याने आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला की वाजतो, तो.

उजवीकडून एक सायकलवरची पोरगी आली आणि बंपरला जवळजवळ घासून गेली.

भोंगा वाजतच होता. उजवीकडचं पेडल खाली दबलेलं...

सीट रिकामी.

पोरगी पलीकडे पोचली, तेव्हा कुठे पेडल हळूच वर आलं.

गाडी कशीबशी कडेला लावून विबके चालतच गॅरेजात आली आणि फ्राउकेला सगळं सांगून टाकलं. गाडी विकू नकोस, तुझे बाबा अजून शिकवतायत, असंही म्हणाली.

फ्राउकेला रडू फुटेल असं तिला वाटलं होतं. पण ती पांढरीफटक पडली. स्वतःचे दंड चोळत राहिली...

"विबके," ती हळूच म्हणाली, "मग मी इतके महिने कुणाच्या मांडीवर बसत होते?"

गाडी आणायला दोघींपैकी कुणीच उठलं नाही.