इस्त्री केलेला डोंगर

रन १.

उतार फार तीव्र असले की वाऱ्याचं गणित कोलमडतं. म्हणून हवेचा अंदाज काढताना संगणकातले डोंगर आम्ही आधी गुळगुळीत करून घेतो. "इस्त्री केल्याशिवाय आपला डोंगर बाहेर पडत नाही," शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणते.

त्या मंगळवारी रन लावताना, म्हणजे ते गणित संगणकावर चालवताना, मीही केली. पूर्वेचा कडा पुसला गेला.

दादाला फोनवर सांगितलं, "वारा सरळ आहे. खुशाल उड."

"तू म्हणतोस म्हणजे झालंच."

तो ग्लायडर घेऊन गेला. कड्यामागे वारा खाली कोसळतो. तीन आठवडे शोध चालू होता. दादा सापडला नव्हता.

रन २.

तोच दिवस, तोच वारा. या वेळी कडा ठेवला. दादा कुठे फेकला गेला असेल, एवढंच हवं होतं.

पडद्यावर वाऱ्याचे बाण कड्यावरून खाली कोसळत होते. एका घळीत मात्र एक चौकोन रिकामा होता. मधे कुणी उभं असावं तसा वारा त्याला वळसा घालत होता. नकाशात तिथे साधा खडकही नाही.

शोधपथकाला जागा कळवली.

दादा तिथेच मिळाला.

रन ३.

अंत्यसंस्कारानंतर, फाइल बंद करायची म्हणून. घळीत आता बाण होते. रिकामा चौकोन खाली ओढ्याशी आला होता.

"काहीतरी चुकलंय तुझं," सहकारी म्हणाली. मग पडद्याकडे वाकून, "दहा मीटरचा चौकोन आहे रे. यात माणूस दिसत नाही."

माणसाचं नाव मी काढलं नव्हतं.

रन ४.

पूल. इथून नकाशात आमचं शहर सुरू होतं.

रन ५.

दादाची गल्ली.

सहावा लावलाच नाही. दादाच्या घरी गेलो. वहिनी गच्चीवर चादरी वाळत घालत होती. वारा सोसाट्याचा होता.

"वहिनी, कडा मी पुसला होता. जा म्हणून मीच सांगितलं त्याला."

तिनं तोंडात धरलेला चिमटा काढला. "माहितीय, भावजी. फोन ठेवल्यावर हे हसत म्हणाले, धाकट्यानं हवा बघून दिलीय, आता कसली काळजी."



चादरी फडफडत होत्या. कोपऱ्यातल्या दोन सोडून. त्या सरळ लोंबत होत्या.

वहिनीनं तिकडे पाहिलं. बादली खाली ठेवली.

त्या दोन चादरींच्या मधे जाऊन उभी राहिली.

तिचे उडणारे केस अलगद खांद्यावर टेकले.