मागचा दिवा

लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी नगर-मिरजगाव सर्व्हिस गाडीच्या पाठीवरची कोळशाची भट्टी एकदाची उतरली. पेट्रोलच्या टंचाईत गाडी कोळशाच्या वायूवर चालवायला ती भट्टी बसवली होती, आणि सहादेव ड्रायव्हरने तिला रोज मनापासून शिव्या घातल्या होत्या. चढाला गाडी धापा टाकायची, उतारूंच्या धोतरांवर काजळी बसायची. ती गेली त्या दिवशी सहादेवने पदरचा नारळ फोडला. भट्टीची लोखंडी चौकट मात्र गाडीच्या मागे तशीच राहिली, कारण ती काढायला कुणाला सवड नव्हती.

गाडी दुपारी नगरहून निघायची, मिरजगावात बहुतेक उतारू उतरवायची आणि उरलेल्या चार-दोन माणसांना घेऊन सीनेच्या काठच्या एका वाडीला जायची. मालकाची सासुरवाडी तिथली, नाहीतर त्या वाटेला कुत्रंसुद्धा गेलं नसतं. दोन्ही बाजूंनी बाभळी, मध्ये एक गाडी कशीबशी मावेल एवढी वाट. अर्ध्या वाटेवर, गाडीच्या डाव्या अंगाला, कठडा ढासळलेला जुना आड. आणि खाली नदीपाशी गाडी वळवायला जागाच नाही! उतारू उतरवायचे आणि सडकेपर्यंत सगळी वाट उलटी चढायची.

गाडी मागे घेणं हे क्लीनरचं काम. ड्रायव्हरने नुसतं ऐकायचं. गोरक्षनाथ, म्हणजे सहादेवच्या बायकोचा धाकटा भाऊ, कंदील घेऊन मागे उभा राहायचा आणि पत्र्यावर थापा मारायचा. दोन थापा म्हणजे येऊ द्या. एक थाप म्हणजे थांबा. एक थाप ऐकली की आधी ब्रेक दाबायचा आणि मग विचार करायचा, हा सर्व्हिसवाल्यांचा धर्मच होता. सहादेवची त्यात हयात गेली होती. त्याचा उजवा पाय त्याच्या डोक्यापेक्षा गोरखच्या हाताचं जास्त ऐकायचा.

दसऱ्याच्या सुमाराला दिवस आखडले. वाडीला पोचेपर्यंत अंधार पडू लागला, आणि एका संध्याकाळी मागचं चाक आडाच्या कठड्याला घासलं. गोरख चाक आणि कठडा यांच्यामध्ये सापडता सापडता वाचला. त्याने उडी टाकली ती थेट बाभळीत.

मिरजगावच्या घरी सहादेवची बायको चांगुणा हिने भावाच्या पाठीतले काटे काढले.

"अवं," शेवटचा काटा काढत ती म्हणाली, "आईबापामागं मला ह्यो एकच हाय. भाऊबीजेला त्याला ओवाळायचंय मला. धडधाकट आणून द्या, एवढंच सांगती."

"आक्के, मला काय हुतंय?" गोरख पालथा पडल्या पडल्या हसला. "दाजीच म्हातारं झाल्यात. मागचं दिसत न्हाई, पुढचं उमगत न्हाई."

सहादेवला ते लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं.

भिंगारला तेव्हा पलटणीतलं जुनं सामान विकायला निघालं होतं. तंबू, बूट, पाण्याच्या बाटल्या, कसल्या कसल्या पेट्या. त्या ढिगातून सहादेवने एक दिवा उचलला, भाकरीच्या तव्याएवढा, जाड भिंगाचा. सूर्यभान मिस्त्रीने तो भट्टीच्या रिकाम्या चौकटीवर बसवला, बॅटरीपासून तार ओढली आणि बटण स्टिअरिंगच्या शेजारी आणून दिलं. बटण दाबताच मिस्त्रीच्या वर्कशॉपची मागची भिंत दिवसाढवळ्यासुद्धा पांढरी झाली.

"पाठीमागं एवढा उजेड कशाला रं?" सूर्यभानने विचारलं. "मागं बघायला मानूस हाय की तुझा."

"त्या मानसासाठीच," सहादेव म्हणाला.

पहिल्या संध्याकाळी त्याने वाडीत उतारू उतरवले, बटण दाबलं, मान वळवून मागच्या काचेतून बघितलं आणि जीव हरखून गेला. सगळी वाट उजळली होती! बाभळीचा काटा न् काटा दिसत होता. आडाचा ढासळलेला कठडा दिसत होता. वाटेच्या मधोमध गोरख, डोळ्यांवर आडवा हात धरून उभा. इतकी वर्षं जे नुसतं कानांनी ऐकलं होतं ते सहादेव पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होता.

आणि गोरखच्या बऱ्याच मागे, उजेड संपत होता तिथे, आडाच्या अंगाला आणखी एकजण उभा होता. त्याचाही हात वर होता.

वाडीतला असेल कोणी, सहादेवने मनाशी म्हटलं. सडकेला लागल्यावर त्याने विचारलं, "तुझ्यामागं कोन हुता रं?"

"मागं? दाजी, मला पुढची गाडी दिसंना. डोळ्यापुढं नुसतं पांढरं फेक. कंदील बरा हुता, चारी बाजूला थोडंथोडं दिसायचं तरी."

"सवय हुईल," सहादेव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो माणूस थोडा अलीकडे आला होता. डोक्याला पटका, गोरखसारखाच. गोरखने हात हलवला की त्याचाही हात हलायचा, पण किंचित उशिरा, शाळेतलं पोर शेजारच्याच्या पाटीवरचं बघून गिरवतं तसा. चेहरा मात्र दिसत नव्हता. सहादेवने काच पुसली. काच स्वच्छच होती.

त्याने गाडी थांबवली, उतरून मागे गेला आणि दिव्याच्या झोतात आडापर्यंत चालत जाऊन आला. आडाच्या तोंडावर धुळीत शेरडांच्या खुरांचे ठसे होते. माणसाचा एकही नव्हता. गार वारा आडातून वर येत होता आणि त्याला ओल्या चुन्याचा वास होता.

"काय सांडलं व्हय?" गोरखने विचारलं.

"काय न्हाई," सहादेव म्हणाला. काय सांगणार? दिवा मी लावला, आणि आता मलाच भलतंसलतं दिसतंय म्हणून? मेव्हण्याने गावभर केलं असतं.

असे काही दिवस गेले. रोज तो माणूस पुढे सरकलेला असायचा आणि रोज त्याचा हात गोरखच्या हाताशी अधिक जुळलेला. मग एका संध्याकाळी दोन्ही बाजूंनी थापा पडल्या. डावीकडून दोन, उजवीकडून दोन. त्याच वजनाच्या, त्याच हाताच्या.

त्या दिवशी वाडीची रंगुबाई सर्वांत शेवटी उतरली होती. डोक्यावर गाठोडं घेऊन ती गाडीच्या मागून पुढे आली आणि खिडकीशी थांबली.

"मालकाला पैका लई झाला वाटतं," ती म्हणाली. "दोन-दोन क्लीनर ठेवल्यात! भाऊभाऊ हाईत का रं?"

सहादेवने झटकन मान वळवली. त्याने बघितलं तेव्हा मागे एकटा गोरख डोळे चोळत उभा होता.

रात्री गोरख जेवता जेवता म्हणाला, "दाजी, त्यो दिवा काढा. चेष्टा न्हाई करत. मी उजेडात उभा ऱ्हातो आन् मला वाटतं, माझ्या शेजारी कुनीतरी माझाच श्वास घेतंय."

चांगुणाच्या हातातली पळी थांबली. सहादेवने तिच्याकडे बघितलं आणि घाईने म्हणाला, "परवा भाऊबीज. तेवढी हूं दे. आवसंचा अंधार हाय, आत्ता काढला तर पुन्हा चाक आडात जायाचं. भाऊबीज झाली की काढतो." त्याने खरोखर गोरखच्या काळजीने म्हटलं होतं, हे चांगुणालाही पटलं.

भाऊबीजेला गाडी खचाखच. बहिणींकडे निघालेले भाऊ, पिशव्यांतून करंज्यांचे डबे, पोरांची रडारड. वाडीला पोचेस्तोवर चंद्राची कोर मावळून गेली होती. गोरखने बहिणीने दिलेला नवा लाल पटका बांधला होता. आज त्याने कंदीलही पेटवून हातात घेतला.

"दिवा हाय ना," सहादेव म्हणाला.

"असू द्या," गोरख म्हणाला आणि मागे गेला.

सहादेवने बटण दाबलं, मान वळवली.

काचेच्या डाव्या अंगाला गोरख उभा होता. उजव्या अंगालाही गोरख उभा होता. दोघांच्या डोक्याला नवा लाल पटका. उजेड इतका होता की कंदिलाची ज्योत असूनही दिसत नव्हती, आणि कंदील कुणाच्या हातात आहे तेही कळेना.

"येऊ द्या दाजी, येऊ द्या," डावीकडून आवाज आला. दोन थापा.

उजवीकडून एक थाप.

सहादेवने ब्रेक दाबला. गाडी हिसका देऊन थांबली.

"येऊ द्या की," डावा म्हणाला. उजव्याचं तोंड हललं, पण आवाज फुटला नाही. त्याने पुन्हा एक थाप मारली, जोराने.

सहादेवला भीती वाटली ती आडाची नव्हती. ह्या दोघांतला आपला कोणता, हे ओळखता येत नाही, याची होती. ज्याला रोज ताटावर शेजारी घेऊन जेवतो तो आपल्याला ओळखू येत नाही! हा सगळा खेळ दिव्याचा, त्याच्या मनात आलं. दिवा नव्हता तेव्हा एकच गोरख होता.

त्याने बटण बंद केलं.

अंधार झाला. दिपलेल्या डोळ्यांना कंदीलही दिसेना. पत्रा गप्प झाला.

"गोरख!" तो ओरडला. "मागं थांबू नको. हितं माझ्याजवळ येऊन बस!"

पायऱ्यांच्या बाजूला गाडी किंचित कलली. दार उघडलं. कोणीतरी शेजारी येऊन बसलं. आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारवा आला.

"गोरख?"

"व्हय दाजी. येऊ द्या. मागं कुनी न्हाई."

किती हायसं वाटलं सहादेवला! त्याने अंधारातच गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. इतक्या वर्षांची वाट, हातांना पाठ होती.

मागे पत्र्यावर एक थाप पडली.

त्याचा पाय ब्रेककडे गेला.

"पत्रा गार पडतोय," शेजारून आवाज आला. "वाजनारच. येऊ द्या."

पुन्हा एक थाप. मग घाईघाईने आणखी, पण प्रत्येक वेळी एकेकच.

थांबायचं कुणासाठी? ज्याला जपायचं तो तर शेजारी बसला होता. सहादेवने आयुष्यात पहिल्यांदा ती थाप मोडली. मागचं चाक कशावर तरी चढलं आणि हळूच खाली उतरलं. काच फुटल्यासारखा बारीक आवाज झाला.

"धोंडा आसंल," शेजारचा म्हणाला.

त्यानंतर थाप आली नाही. सडक लागली. मिरजगाव आलं.

चांगुणा दारातच उभी होती. भावाला बघून तिचा चेहरा फुलला. "आलास गं बाई माझ्या राजा! किती वाट बघायला लावलीस. कंदील कुठाय रं?"

"ऱ्हायला तिकडं," तो म्हणाला.

सहादेवने गाडी दारासमोर लावली, हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून बसला. आता सगळं ठीक आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. चांगुणाने पाटाभोवती रांगोळी घातली होती. लाल पटका बांधलेला भाऊ पाटावर बसला, ताठ, हात गुडघ्यांवर ठेवून. तिने त्याला कुंकू लावलं.

"आंग लई गार पडलंय रं तुझं. ताप येतोय का काय?"

तो हसला.

तिने निरांजन पेटवलं आणि ताट उचललं. ज्योत त्याच्या चेहऱ्यासमोर आली तशी त्याने डोळे मिटले नाहीत. त्याने उजवा हात वर केला आणि बोटं आत वळवली, पुन्हा वळवली, हळूहळू, घाई नसल्यासारखी.

"येऊ द्या," तो म्हणाला. "येऊ द्या."

"आगं बया!" चांगुणा खळखळून हसली. "मी काय गाडी हाय व्हय रं?" आणि ताट घेऊन ती आणखी पुढे झाली.

बाहेर, दारातल्या रिकाम्या गाडीच्या पत्र्यावर एक थाप पडली.

भिंतीशी बसलेल्या सहादेवचा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि शेणाने सारवलेली जमीन दाबून धरून राहिला.