न पुसलेली जागा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हे मी कुणापाशी काढत नाही.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. मी आवाजाच्या सॉफ्टवेअरसाठी प्लगइन लिहिते. म्हणजे गाणं बंद खोलीत रेकॉर्ड झालेलं असलं तरी ते एखाद्या गुहेत गायल्यासारखं घुमावं, अशी छोटी जोडणी. कोड माझा, ध्वनिमुद्रण शादाबचं. आमची आठ वर्षांची भागीदारी. लोणावळ्यात भांगरवाडीच्या पुढे आम्ही महिनाभरासाठी एक बंगला घेतला होता, तो त्याच्या मागच्या दगडी टाक्यासाठी. तीन पुरुष खोल टाकं, वर लोखंडी पत्रा घातलेला, आत कोरडं ठणठणीत. शादाबने त्यात माईक सोडला, फुगे फोडले आणि तो घुमारा टिपून घेतला.

दिवसभर धुकं असायचं. भरदुपारी दिवे लावावे लागायचे. भिंतींना ओल, कपड्यांना कुबट वास. स्वयंपाकाला हिरामावशी यायच्या, जवळच्या भाजे गावच्या. साठीच्या, एकट्या राहणाऱ्या, बोलणं अगदी कमी.

एका दुपारी मी प्लगइन चालू केलं. अजून काही वाजवलं नव्हतं. तरी स्पीकरमधून खरखर आली आणि तिच्यामागून बाईचा आवाज.

"हिरे..."

मला भीती नाही वाटली, राग आला स्वतःचाच. आवाज घुमवायचा तर तो क्षणभर मेमरीत साठवावा लागतो. ती जागा आधीच मागून ठेवायची, पुसायची, सगळीकडे शून्यं भरायची आणि मगच वापरायची. पुसायचं राहिलं तर तिथे आधी पडून असलेले तुकडे वाजतात. मी पुसायचं विसरले होते. एक ओळ लिहिली, आवाज थांबला.

पण आधी पडून असलेला तुकडा आला कुठून? शादाबची सगळी मुद्रणं मी कान देऊन ऐकली. फक्त फुगे होते.

दुसऱ्या दिवशी आवाज परत आला. आता जास्त लांब. "हिरे... दोर सोड..."

मी काम थांबवून मेमरीतले आकडे उघडले. सगळी शून्यं. एकही आकडा वेगळा नाही. आणि त्या शून्यांमधून कुणीतरी बोलत होतं.

संशय घ्यायला घरात एकच माणूस होता.

"शादाब, हे तू घातलंयस."

"मी कशाला घालीन?"

"मावशींचं नाव माझ्याशिवाय तुलाच माहीत आहे. आणि एका दुसऱ्या कंपनीने तुला नोकरीला बोलावलं होतं, ते माझ्यापासून लपवलंस. काम फसलं की सुटायला बरं!"

तो उठला. स्वतःचा लॅपटॉप, डिस्का, माईक सगळं त्याने गाडीत नेऊन ठेवलं. घरातलं इंटरनेट बंद केलं. माझ्या मशीनवरून टाक्याची मुद्रणं माझ्यासमोर पुसली. "आता लाव," म्हणाला.

मी लावलं.

"हिरे... दोर सोड गं... पाणी आलं..."

दारात कप खळकन फुटला. हिरामावशी उभ्या होत्या.

"बाई... ही तुमाला कुटं गावली?"

"कोण, मावशी?"

त्या खाली बसल्या. "माजी थोरली भन. बया. आमी दोघी हितं टाकं धुवायला यायचो. ती खाली उतरायची, मी दोर धरायचे. बारा वर्सांची हुते मी. त्या दिशी दोर वर वढून घेतला अन् खेळत बसले. माळ्यानं न बघता पाणी सोडलं..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "घरी सांगितलं, बया कुणाबरं पळून गेली. चार दिस रोज वाकून बघत हुते. वर काय आलंच न्हाई. टाकं उपसलं तवाबी न्हाई."

माझ्या मनात पुन्हा संशयच आला. हे दोघं मिळून तर करत नाहीत? मी शादाबकडे पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

मावशी उठल्या. मागच्या अंगणातला कपडे वाळत घालायचा दोर त्यांनी सोडला आणि टाक्याकडे गेल्या. आम्ही मागोमाग. शादाबने पत्रा सरकवला. मी मोबाइलचा उजेड आत टाकला. खाली कोरडा दगड, पालापाचोळा. मावशींनी दोर सोडला. तो तळाशी टेकला, सैल पडला.

मग ताठ झाला.

मावशी ओढू लागल्या. त्यांचे पाय ओल्या मातीत रुतत होते. शादाबने मदतीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"वजन आहे," तो पुटपुटला. "राजेश्वरी... वजन आहे."

दोराचं टोक वर आलं. त्याला काहीच नव्हतं. मावशींनी मात्र हात पुढे केला, कुणाला काठावर घ्यावं तसा. नंतर त्या फाटकातून स्टेशनच्या दिशेने निघाल्या. एवढा रिकामा रस्ता, तरी त्या अगदी कडेने चालत होत्या, शेजारी जागा सोडून.

त्यानंतर प्लगइनमध्ये आवाज आला नाही. मी शादाबची माफी मागितली. काम आम्ही वेळेत दिलं, पण पुन्हा एकत्र काही केलं नाही.

मावशी कामावर आल्या नाहीत. आठवड्याने आम्ही भाज्याला गेलो. त्या अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या, चेहरा कधी नव्हे इतका मोकळा.

"बरं हाय की. आता दोघींचं रांधावं लागतं, म्हून जमत न्हाई यायला."

"आत कोण आहे, मावशी?" शादाबने विचारलं आणि उंबऱ्याकडे एक पाऊल टाकलं.

मावशी आमच्यासमोर बसलेल्या होत्या, दोन्ही हात सुपात. त्यांच्या पाठीमागे घराचं दार सावकाश लागलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

"ऱ्हाऊ द्या," मावशी हसून म्हणाल्या. "तिला तुमचं आवाज वळकीचं हायेत. तरी भेटायचं न्हाई म्हनती, आत्ताच."